सातबारा काढताय, चलन भरताय? आधी ब्राउझरमधला पत्ता उजवीकडून वाचा!

पनवेल : सातबारा हवा असेल तर पूर्वी सजाच्या गावी जायचे, तलाठी भाऊसाहेबांची वाट बघायची आणि ते मीटिंगला तालुक्याला गेले असतील तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारायची. आता नेरे, वावंजे, मोर्बे, केळवणे अशा कुठल्याही गावातला माणूस ओटीवर बसून मोबाइलवर सातबारा बघतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, तोही १५ रुपयांत. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, मुलांची शिष्यवृत्ती, विजेचे बिल, एक्स्प्रेसवेवरचे चलन, बँकेचे व्यवहार ही सगळी कामे आज एकाच दारातून होतात. ते दार म्हणजे ब्राउझर. मोबाइलमधले क्रोम, संगणकावरचे एज किंवा फायरफॉक्स.

अडचण अशी की याच दारातून चोरही आत येतो. विमानतळ, नैना प्रकल्प आणि महामार्ग यांमुळे पनवेल तालुक्यात जमिनीचे मोल वाढले. जमिनीचा मोबदला बँक खात्यात आलेली कुटुंबे गावोगाव आहेत. अशा घरात एका बनावट पानावर टाकलेला एक ओटीपी म्हणजे वाडवडिलांच्या जमिनीचे पैसे दोन मिनिटांत गायब. फॉर्म भरणारा बहुतेक वेळा घरातला शाळा-कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी असते आणि खाते मात्र आजोबांचे असते, हा आणखी एक धोका.

चांगली गोष्ट ही की यातली बरीच फसवणूक टाळायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, कॉम्प्युटरची डिग्रीही लागत नाही. थोड्या सवयी आणि दोन-तीन फुकट मिळणारी साधने पुरतात.

पोस्टाचा पत्ता आणि ब्राउझरचा पत्ता

ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. तो वाचायला शिकणे ही सगळ्यात मोठी विद्या. त्यासाठी पोस्टाचा पत्ता आठवायचा. 'मु. वावंजे, ता. पनवेल, जि. रायगड'. आधी गाव, मग तालुका, शेवटी जिल्हा. पत्र कुठे जाणार हे शेवटचा भाग ठरवतो. शेवटी 'जि. सातारा' लिहिले, तर आधी दहा वेळा पनवेल लिहिले तरी पत्र साताऱ्यालाच जाणार.

ब्राउझरच्या पत्त्याचेही तसेच आहे. भूलेखचा खरा पत्ता आहे 'भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन'. यात शेवटचा भाग 'गव्ह डॉट इन'. हा शेवट फक्त सरकारी खात्यांना मिळतो. त्याची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र म्हणजेच एनआयसीमार्फतच होते. पैसे मोजून कुणीही तो विकत घेऊ शकत नाही.

आता समजा, पत्ता असा दिसला : 'महाभूमी-गव्ह-इन डॉट कॉम'. यात महाभूमी आहे, गव्ह आहे, इनसुद्धा आहे. पण शेवट 'डॉट कॉम' आहे. आधीचे सगळे शब्द आडव्या रेघांनी जोडलेले एक नाव आहे आणि असे नाव कुणीही काही शे रुपयांत घेऊ शकतो. म्हणजे पत्र साताऱ्याला चालले आहे.

वाचण्याची रीत सोपी आहे. सुरुवातीचे 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या. पुढे पहिली एकटी तिरकी रेघ येईल तिथे थांबायचे. तिथून डावीकडे, म्हणजे उलटे वाचायचे. त्या रेघेच्या अगदी अलीकडे 'गव्ह डॉट इन' असेल तर संकेतस्थळ सरकारी. रेघेच्या पलीकडे काहीही लिहिलेले असो, त्याला किंमत नाही. बनावट पत्त्यात 'गव्ह डॉट इन' हे शब्द बरेचदा त्या रेघेच्या पलीकडेच पेरलेले असतात.

मोबाइलवर पट्टी लहान असल्याने पत्ता अर्धाच दिसतो. पट्टीवर एकदा बोट टेकवले की पूर्ण पत्ता उघडतो. तो सरकवून शेवटपर्यंत बघावा. ओटीपी, आधार क्रमांक किंवा कार्डाचा नंबर टाकण्याआधी एवढे दहा सेकंद द्यायलाच हवेत.

बँकांचा नवा शेवट

सरकारी खात्यांसारखाच आता बँकांनाही स्वतंत्र शेवट मिळाला आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' या शेवटाची घोषणा केली आणि बँकांना त्यावर येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मुदत दिली. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. उदाहरणार्थ, स्टेट बँकेचा पत्ता आता 'एसबीआय डॉट बँक डॉट इन' असा आहे. तेव्हा बँकेच्या नावाने मेसेज आला आणि लिंकचा शेवट 'बँक डॉट इन' नसेल, तर ती लिंक उघडायची नाही. शाखेत जाऊन विचारायचे.

मात्र सगळ्याच खऱ्या संकेतस्थळांचा शेवट 'गव्ह डॉट इन' नसतो, हेही ध्यानात ठेवायला हवे. महावितरणचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे, रेल्वे तिकिटांचा 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन'. अशा ठिकाणी अंदाजाने चालायचे नाही. वीजबिलावर छापलेला पत्ता एकदा नीट टाइप करायचा आणि तो जपून ठेवायचा. तो कसा जपायचा, ते पुढे.

गुगलचे पहिले उत्तर खरेच असेल असे नाही

गावाकडे एक सवय सरसकट दिसते. काहीही काम असले की गुगलवर शब्द टाकायचे आणि सगळ्यात वरची ओळ दाबायची. वरच्या ओळी बरेचदा जाहिराती असतात. त्यांच्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. पैसे देऊन जाहिरात कुणीही करू शकतो, चोरसुद्धा. 'कस्टमर केअर नंबर' शोधून लावलेला फोन थेट ठगाला लागतो, तो याच वाटेने. बँकेचा फोन नंबर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे असतो, विजेचा बिलावर असतो. तिथूनच घ्यावा.

लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हाही बनावट संकेतस्थळांबाबत सावध राहण्याचे इशारे द्यावे लागले होते. खरे संकेतस्थळ एकच, 'लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन'. घाईत असलेल्या ताई-मावशींना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली लिंक आणि ही लिंक यांतला फरक सांगणारे घरात कुणी नसेल, तर आधार क्रमांक भलत्याच हाती पडायला वेळ लागत नाही.

यावर उपाय म्हणजे बुकमार्क. वहीत पान दुमडून ठेवावे तसे हे आहे. खरे संकेतस्थळ एकदा खात्री करून उघडायचे. संगणकावर पत्त्याच्या उजव्या टोकाला असलेला तारा दाबायचा. मोबाइलवर क्रोममध्ये वरची तीन टिंबे दाबली की तोच तारा दिसतो. त्याच यादीत 'होम स्क्रीनवर जोडा' हा पर्याय आहे. तो वापरला तर संकेतस्थळाचे चिन्ह ॲपसारखे मोबाइलच्या पडद्यावर येते. पुढच्या वेळी शोधाशोध नको, टायपिंगची चूक नको.

पनवेल तालुक्यातल्या घरात हे पत्ते जपलेले बरे : सातबारा नुसता बघण्यासाठी भूलेख, डिजिटल सहीच्या उताऱ्यासाठी 'डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन', शिष्यवृत्ती आणि शेतीच्या योजनांसाठी 'महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन', घरांच्या आणि भूखंडांच्या माहितीसाठी 'सिडको डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन', आणि वाहनाच्या दंडासाठी 'महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन'. घरातल्या जाणत्या मुलाने किंवा मुलीने एका रविवारी बसून आई-वडिलांच्या मोबाइलवर एवढे लावून दिले तरी अर्धे काम झाले.

कुलूप म्हणजे हमी नव्हे

'पत्त्याजवळ कुलूप दिसले की साइट खरी' असे बरेच जण सांगतात. हे अर्धसत्य आहे. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यातले बोलणे वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पण समोरचा कोण आहे, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या घरालाही कुलूप असतेच. बनावट संकेतस्थळांनाही हे कुलूप फुकट मिळते. लोकांचा हा गैरसमज बघून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचे चिन्ह काढून तिथे वेगळे चिन्ह आणले. त्यामुळे कुलूप बघण्यापेक्षा पत्ता वाचणेच खरे.

'अनुमती द्या' दाबले आणि जाहिरातींचा पूर आला

'माझ्या मोबाइलमध्ये व्हायरस आलाय, सारखे काहीतरी वाजते,' ही तक्रार मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेहमीची. बरेचदा तो व्हायरस नसतो. एखादे पान उघडताना 'सूचना दाखवू का?' असा प्रश्न येतो आणि घाईत 'अनुमती द्या' दाबले जाते. मग ते संकेतस्थळ दिवसरात्र सूचना पाठवत राहते. 'तुम्हाला बक्षीस लागले', 'फोनमध्ये १३ व्हायरस सापडले', 'लगेच साफ करा' असा सगळा मसाला त्यात असतो.

हे बंद करायला पैसे लागत नाहीत. क्रोमची तीन टिंबे, मग सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. तिथे परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी दिसते. अनोळखी नाव दिसले की ते ब्लॉक करायचे. पुढे हा प्रश्न येऊच नये असे वाटत असेल तर तिथलाच मुख्य पर्याय बंद करून टाकायचा. सातबारा, वीजबिल, चलन यांतल्या कुठल्याच कामासाठी ही परवानगी लागत नाही.

दुसरी सावधगिरी 'एपीके' फाइलबाबत. एक्स्प्रेसवेवर आणि शहरात कॅमेरे बसल्यापासून एमएच-४६ च्या गाडीवाल्यांना चलनाची धास्ती असतेच. त्याचाच फायदा घेऊन व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल पाठवली जाते. नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असते. ती चलनाची पावती नसून एक ॲप असते आणि ते बसले की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याला वाचता येतात. खरे चलन बघायला कुठलीच फाइल उतरवावी लागत नाही. जपून ठेवलेले संकेतस्थळ उघडायचे, गाडीचा क्रमांक टाकायचा आणि दंड आहे की नाही ते बघायचे.

जोडण्या कोणत्या घ्याव्यात?

ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या साधनांना एक्स्टेन्शन म्हणतात. ट्रॅक्टर एकच, पण त्याला नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली जोडता येते, तसेच हे. संगणकावर क्रोम, एज, फायरफॉक्स या तिन्हींत एक्स्टेन्शन बसतात. अँड्रॉइड मोबाइलवर क्रोममध्ये ती बसत नाहीत, फायरफॉक्समध्ये मात्र बसतात. रोजच्या वापरासाठी दोनच पुरेत.

पहिले, जाहिराती अडवणारे 'यूब्लॉक ओरिजिन'. रेमंड हिल यांनी बनवलेले हे साधन पूर्ण फुकट आहे. याने पानावरच्या बहुतेक जाहिराती, खोटी 'डाउनलोड'ची बटणे आणि मागून माहिती गोळा करणाऱ्या गोष्टी अडवल्या जातात. जाहिराती उतरतच नाहीत म्हणून डेटा वाचतो आणि पानही लवकर उघडते. डोंगराजवळच्या वाड्यांत, जिथे नेटवर्कच्या एक-दोनच दांड्या दिसतात, तिथे हा फरक लगेच जाणवतो. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्याने तिथे आता 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' ही हलकी आवृत्ती घ्यावी लागते. पूर्ण आवृत्ती फायरफॉक्समध्ये चालते. मोबाइलवर हवे असेल तर प्ले स्टोअरवरून फायरफॉक्स घ्यायचे, त्याच्या मेनूत एक्स्टेन्शन्स उघडायचे आणि तिथून यूब्लॉक ओरिजिन बसवायचे. एखादे सरकारी पान नीट उघडले नाही तर त्या पानापुरते ते बंद करण्याचे बटणही असते. नावसाधर्म्य असलेली दुसरी साधनेही बाजारात आहेत, म्हणून पूर्ण नाव आणि बनवणाऱ्याचे नाव बघूनच घ्यावे.

दुसरे, पासवर्ड सांभाळणारे 'बिटवॉर्डन'. सगळीकडे एकच पासवर्ड, आणि तोही मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव, ही घरोघरीची कथा. बिटवॉर्डन प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा, अवघड पासवर्ड तयार करते आणि लक्षात ठेवते. माणसाने एकच मुख्य पासवर्ड पाठ करायचा. रोजच्या वापराला लागणारी सोय त्यात फुकट आहे. तो मुख्य पासवर्ड विसरला तर मात्र आतले काही परत मिळत नाही, म्हणून कागदावर लिहून घरातल्या कपाटात, जमिनीच्या कागदांसोबत ठेवावा.

याचा खरा फायदा वेगळाच आहे. ते पासवर्ड भरण्याआधी पत्ता अक्षर न् अक्षर तपासते. माणसाचा डोळा एका अक्षराने फसतो, हे फसत नाही. नेहमीच्या बँकेच्या पानावर पासवर्ड आपोआप आला नाही, तर आधी संशय घ्यायचा आणि पत्ता पुन्हा वाचायचा. क्रोममध्येच पासवर्ड साठवणाऱ्यांनाही हीच खूण उपयोगी आहे. नवे साधन शिकायचे नसेल, तर स्वतःच्या मोबाइलवर क्रोमची ही सोयही चालेल, पण मोबाइलला लॉक हवाच.

जास्त जोडण्या, जास्त धोका

एक्स्टेन्शन बसवताना एक वाक्य समोर येते. हे साधन तुम्ही बघत असलेल्या सगळ्या संकेतस्थळांवरची माहिती वाचू आणि बदलू शकते. हे वाक्य हलक्यात घ्यायचे नाही. याचा अर्थ बँकेचे पानही त्याला दिसते. घराची किल्ली दिल्यासारखेच ते.

आज चांगले असलेले साधन उद्या चांगले राहीलच असेही नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे एकेकाळी लाखो लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन. मूळ मालकाने २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हवाली केले. पुढे त्यात घातक कोड असल्याचे कारण देऊन गुगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काढून टाकले. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, फक्त मालक बदलला होता.

त्यामुळे कूपन देणारी, हवामान दाखवणारी, व्हिडिओ उतरवणारी, पडदा सजवणारी साधने भरत बसू नयेत. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एक्स्टेन्शनची यादी उघडावी आणि जे वापरात नाही ते काढून टाकावे. 'हे कुणी बसवले?' असा प्रश्न पडला, तर उत्तराची वाट न बघता काढावे.

जे आधीच आत आहे ते वापरा

बरीच कामे कुठलीही जोडणी न घेता होतात.

सातबाराचे पानच उघडत नाही, ही भूलेखबद्दलची जुनी तक्रार. माहिती भरून बटण दाबले की उतारा नव्या खिडकीत उघडतो आणि ब्राउझर ती खिडकी अडवतो. पत्त्याच्या पट्टीजवळ किंवा पडद्याच्या खाली 'पॉप-अप अडवले' असा संदेश दिसतो. त्यावर दाबून फक्त याच संकेतस्थळासाठी परवानगी द्यावी. सगळ्या संकेतस्थळांसाठी पॉप-अप उघडे करू नयेत.

लांबलचक यादीत नाव शोधायचे असेल, मग ती घरकुलाची असो किंवा नैनाच्या सूचनेतल्या गटक्रमांकांची, तर संगणकावर कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबावीत. मोबाइलवर तीन टिंबांत 'पेजमध्ये शोधा' आहे. एक लक्षात ठेवावे : यादी कागदावरून स्कॅन केलेली असेल किंवा जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर नाव असूनही सापडत नाही. 'नाव नाही' असे समजून परत जाऊ नये, पाने डोळ्यांनी चाळावीत.

अर्ज भरल्यावर पोचपावतीचा फोटो काढण्यापेक्षा कंट्रोल आणि पी दाबून 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' निवडावे. पावती स्वच्छ राहते, नंतर छापताही येते. चुकून बंद झालेले पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी या तीन बटणांनी परत येते. अक्षर बारीक दिसत असेल तर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह. इंग्रजी पान क्रोममध्ये मराठीत भाषांतर करून वाचता येते. मात्र ते यंत्राचे भाषांतर आहे. कर्जाच्या अटी किंवा जमिनीचा करार केवळ त्यावर विसंबून मान्य करू नये. वाचायला त्रास होणाऱ्या ज्येष्ठांसाठी एज ब्राउझरमध्ये पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे, आणि तिच्यात मराठी आवाजही आहे. मराठी टायपिंगसाठीही एक्स्टेन्शन लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, मोबाइलवर जीबोर्ड आहे.

आणि ब्राउझर अद्ययावत ठेवायला विसरू नये. विंडोज ७ वर क्रोमची आवृत्ती १०९ वरच थांबली आहे. तसा जुना संगणक अजून कुठे वापरात असेल, तर त्यावर बँकेचे काम न केलेले बरे.

सेवा केंद्रातल्या संगणकावर

घरी संगणक नाही, मोबाइलवर फॉर्म उघडत नाही, मग महा ई-सेवा केंद्र किंवा नाक्यावरचे झेरॉक्सचे दुकान. तिथे संगणक दिवसभरात पन्नास जणांच्या हातून जातो. तिथे आपल्या खात्याने लॉगिन करायचेच असेल तर इन्कॉग्निटो खिडकी उघडायला सांगावी. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबले की ती उघडते. काम झाले, खिडकी बंद केली, की लॉगिन आणि पाहिलेल्या पानांची नोंद पुसली जाते.

पण उतरवलेल्या फाइली पुसल्या जात नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. आधारची पीडीएफ, सातबारा, बँकेचे स्टेटमेंट 'डाउनलोड' फोल्डरमध्ये तसेच राहते. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा असतो, म्हणजे ओळखीच्या माणसाला तो सहज जमतो. सार्वजनिक संगणकावर आधार उतरवणे टाळावे, उतरवलेच तर सगळ्या प्रती पुसाव्यात, असा आधार प्राधिकरणाचाच सल्ला आहे. फाइल पुसून झाली की 'रिसायकल बिन'ही रिकामा करून घ्यावा. शक्य तिथे 'मास्क्ड आधार' द्यावे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

'काका, ओटीपी आला का? सांगा पटकन,' असे केंद्रावर कुणी म्हटले, तर आधी मेसेज पूर्ण वाचावा. ओटीपी कशासाठी आहे हे त्यात लिहिलेले असते. आधारच्या कामासाठी बसलो आहोत आणि मेसेज बँकेचा आला असेल, तर सांगायचा नाही. विचारण्यात संकोच नको. 'हा पासवर्ड सेव्ह करू का?' असे ब्राउझरने विचारले तर 'कधीही नाही' दाबायला सांगायचे. प्रामाणिक केंद्रचालक याला कधीच वाईट मानणार नाही.

पैसे गेलेच तर...

लाजेपायी गप्प बसणे ही सगळ्यात महागडी चूक. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक लगेच लावावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड आणि खात्याचे व्यवहार थांबवायला सांगावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने, म्हणजे ओटीपी किंवा पासवर्ड सांगितल्याने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून इथे प्रत्येक मिनिट मोजायचे आणि बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यायचाच.

तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर ऑनलाइनही करता येते, आणि जवळच्या पोलिस ठाण्यातही. पनवेल शहर, पनवेल तालुका, खांदेश्वर, कामोठे, कळंबोली, खारघर, तळोजा ही पोलिस ठाणी नवी मुंबई पोलिस आयुक्तालयात येतात. जाताना पुरावा हवा. त्यासाठी ब्राउझरची हिस्ट्री पुसायची नाही. संगणकावर कंट्रोल आणि एच दाबले की बनावट पानाचा पत्ता आणि वेळ सापडते. त्याचा स्क्रीनशॉट, बँकेचा मेसेज आणि आलेला फोन नंबर, एवढे सोबत न्यावे. भीतीपोटी सगळे डिलीट करणाऱ्यांची तक्रार अर्धी तिथेच लंगडी पडते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पत्ता उजवीकडून वाचा. सरकारी असेल तर 'गव्ह डॉट इन', बँक असेल तर 'बँक डॉट इन'.
- रोजची संकेतस्थळे बुकमार्क करा, दरवेळी गुगलवर शोधू नका.
- अनोळखी संकेतस्थळाला सूचनांची परवानगी देऊ नका, 'एपीके' फाइल उघडू नका.
- एक्स्टेन्शन मोजकीच ठेवा, नको ती काढून टाका.
- केंद्रातल्या संगणकावरून उठण्याआधी डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामा करा.
- फसवणूक झाली तर तासभरही थांबू नका, १९३० लावा.

जमिनीचा व्यवहार करताना चतुःसीमा वाचल्याशिवाय इकडचा माणूस सही करत नाही. ब्राउझरमध्ये ओटीपी टाकणे हीसुद्धा सहीच आहे. तिथेही आधी पत्ता वाचायचा, मगच पुढे जायचे.